मर्लचं सिरप मध्यमच होतं

मी, थेडा रुथ कॉर्लिस, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मेपलचे सिरप काढणे व विकणे, राहणार वेस्ट हार्लो, व्हर्मॉन्ट, आज आमच्या गुऱ्हाळात बसून हे लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. जीव ठिकाणावर नाही, पण वकीलबाई म्हणाल्या की कायद्याला बुद्धी पुरते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; आणणारा अजून जन्माला यायचाय. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. एकवीस वर्षांपूर्वी मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द समजावे.

अक्षर वाईट आले तर समजून घ्यावे. पहाटे सगळे गोठले होते आणि आता ऊन चढलेय, म्हणजे झाडांना रस सुटलाय आणि मला दर दहा मिनिटांनी उठून चुलाणात लाकूड सारावे लागते. वकीलबाई म्हणाल्या, "हंगाम संपल्यावर निवांत लिहा." हंगाम संपेपर्यंत मी असेन असे लिहून देत असतील तर थांबते, म्हटले. त्यांनी दोन साक्षीदार लागतील एवढेच सांगितले.

कलम पहिले. राहते घर आणि रस्त्यालगतचे दुकान माझ्या चुलतभावाची मुलगी लिनेट कॉर्लिस हिला द्यावे. गेली सहा वर्षे दर शनिवारी ती माझ्याबरोबर दुकानात उभी राहते आणि माझी बोलणी खाते.

लिनेट, दुकानाबरोबर गिऱ्हाईकही तुझ्या गळ्यात पडणार, म्हणून नीट ऐक. लोक गाडी थांबवून आत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "बाई, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" त्यांच्यावर ओरडायचे नाही. मी ओरडले, तू ओरडू नकोस. त्यांना सांग की चार प्रती आहेत आणि चारही सारख्याच चांगल्या आहेत. सगळ्या सारख्याच दाट, सारख्याच गोड. फरक रंगाचा आणि चवीचा. थंडीतल्या पहिल्या रसाचे सोनेरी होते, त्याची चव जेमतेम जिभेला लागते, ते आइस्क्रीमवर घ्यावे. मग अंबरी, पॅनकेकवर घालायचे. हवा तापत गेली की गडद उतरते, ते भाजलेल्या बीन्सना आणि केकला. शेवटी अतिगडद. माझ्या लहानपणी त्याला नुसते 'बी' प्रत म्हणत आणि नाक मुरडत. आता शहरातले लोक तेच शोधत येतात. कागदाच्या कपात चारही चाखायला दे आणि गप्प राहा. ज्याची जीभ त्याने ठरवावे.

बाटलीवर काढणाऱ्याचे नाव, गाव आणि प्रत छापलेली असलीच पाहिजे. गाव नसलेली बाटली कोणी दाखवली, तर तो मक्याचा रंगवलेला पाक असू शकतो हे सांग, पण चेहरा सरळ ठेवून सांग. आणि झाडांच्या कळ्या फुगल्या की चुलाण विझवायचे. त्यानंतरच्या रसाच्या पाकाला ओशट वास येतो. रंग कितीही सुरेख दिसला तरी ओतून द्यायचा. हळहळायचे नाही.

काहील बघून येते.

आले. फेस वर आला होता, लोण्याचा खडा टाकला, बसला.

कलम दुसरे. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च भागवावा आणि उरलेले लिनेटने दुकानाच्या छपराला लावावे. छप्पर गळते हे तिने मला इतक्यांदा ऐकवले आहे की वेगळे समजावून सांगायला नको.

कलम तिसरे. लोणच्याची मोठी बरणी ओपल स्टॅनिफर्ड हिला. चर्चच्या बर्फ-पाकाच्या जेवणात बर्फावर ओतलेल्या गरम पाकाबरोबर जे आंबट लोणचे वाढतात, ते चाळीस वर्षे माझे असते आणि चाळीस वर्षे ओपल म्हणते, "यंदा जरा खारट झालंय का गं?" बरणी तिची. कृती माझ्याबरोबर जाईल.

कलम चौथे. ट्रॅक्टर विकावा. ज्याने तीन वेळा अर्ध्या किमतीत मागितला त्याला विकू नये. त्याला कळेल कोण ते.

कलम पाचवे. मेपलचे जंगल, वडिलांच्या वेळचे हे गुऱ्हाळ, काहील, चुलाण, बादल्या आणि तोट्या हे सर्व

हे वाक्य मी सकाळपासून तीनदा सुरू केले. दोनदा कागद चुलाणात गेला. आता पुरे करतेच.

हे सर्व माझा धाकटा भाऊ मर्ल कॉर्लिस, वय एकोणसत्तर, याला द्यावे. आणि का द्यावे ते इथे लिहिणे भाग आहे, कारण गावाला वाटते की मी त्याला काहीच देणार नाही, आणि मर्ललाही तसेच वाटते. तो नाही म्हणाला तर जंगल विकले जाईल, आणि घेणारे लाकूडवाले आहेत, आरे घेऊन तयार बसलेत. म्हणून त्याने हो म्हणावे असे मला वाटते. नुसते वाटत नाही, त्यापायी माझी झोप उडाली आहे.

वडिलांमागे आम्ही दोघे हा धंदा करत होतो. मर्ल कढवायचा, मी विकायचे. पाक पळीवरून पडद्यासारखा उतरला की तो तयार, हे ओळखण्यात मर्लचा हात धरणारे कोणी नव्हते. प्रत तोच ठरवायचा, उजेडात एकदा धरून. माझा डोळ्यांवर विश्वास नव्हता. माझ्याकडे नमुन्याच्या बाटल्यांची पेटी होती. ठरलेल्या रंगाच्या छोट्या बाटल्या एका ओळीत असतात, त्यांच्याशेजारी आपला पाक धरायचा आणि जुळवायचा. ही पेटी मी दुकानाच्या दक्षिणेच्या खिडकीत मांडली होती, गिऱ्हाइकांना दिसावी म्हणून. उन्हात काय झकास दिसायची! पेटीच्या तळाला लिहिले होते की नमुने एका हंगामापुरते, उजेडापासून दूर ठेवावेत. ते मी वाचले नव्हते. पेटी उलटी करून कोण बघतो?

२००४ सालच्या एप्रिलमध्ये मर्लने 'मध्यम', म्हणजे आताच्या नावाने अंबरी, असे लिहून दिलेला डबा मी पेटीशी लावून पाहिला. तो गडद निघाला. दुसरा पाहिला, तोही गडद. माझे डोके फिरले. त्याला विचारायला हवे होते. मी विचारले नाही. मी शनिवारी चर्चच्या जेवणात, सगळे गाव पाने घेऊन बसलेले असताना, उभी राहिले आणि म्हणाले, "माझा भाऊ गडद पाक मिसळून मध्यम म्हणून खपवतो, आणि त्यावर आपल्या वडिलांचं नाव लावतो." मर्लच्या हातात डोनटचे ताट होते. त्याने ते खाली ठेवले, बायकोला, जेनीनला, कोट दिला आणि दोघे निघून गेले. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळाची किल्ली माझ्या टपालपेटीत होती. त्यानंतर त्याने कधी कढवले नाही. गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवू लागला.

पुढची दहा वर्षे मी एकटीने कढवले आणि त्याच पेटीने प्रत लावली. लोक म्हणायचे, "थेडाचं गडद किती सौम्य असतं!" मी खूश व्हायची. बाई, इतकेही डोके चालू नये?

२०१४ साली प्रतींची नावे बदलली म्हणून नवी पेटी घ्यावी लागली. नवी आणि जुनी शेजारी ठेवली. जुन्यातला रंग उन्हाने उडाला होता, एक पायरी नव्हे, दीड पायरी; तिच्याशेजारी कोणताही पाक गडदच दिसणार. मर्लचा एक डबा मी पुरावा म्हणून तळघरात ठेवला होता. तो फोडला आणि नव्या पेटीशी धरला. मध्यम. अगदी स्वच्छ मध्यम.

ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. अकरा वर्षे मी हे कोणालाही सांगितले नाही. पेटीची चूक कोणाच्याही हातून होईल. ही अकरा वर्षे माझी स्वतःची आहेत. मला लाज वाटते, आणि लाजेने माणूस सुधारतो म्हणतात तसे माझ्या बाबतीत काही झाले नाही, मी फक्त चिडचिडी झाले.

कलम सहावे. माझ्या मृत्यूनंतर चर्चचे जे पहिले बर्फ-पाकाचे जेवण होईल त्यात पोस्टमास्तर डेल्बर्ट पाइक यांनी पाचवे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. एकही शब्द न गाळता.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी.

वरचे लिहिता लिहिता माझे चुलाण थंड पडले, मला पत्ताच नाही. इकडे रस सुटल्याच्या दिवशी ज्याच्या गुऱ्हाळाच्या छपरातून वाफ दिसत नाही, त्याच्याकडे शेजारी धावतो. घरात काहीतरी वाईट झाले असे धरूनच धावतो. दार धाडकन उघडले आणि दारात मर्ल. गावाची गाडी रस्त्यात तशीच सुरू ठेवून आला होता. एकवीस वर्षांनी या दारात.

"थेडा! अगं थेडा! वाफ कुठाय? मेलीस की काय?"

"मेले नाही. लिहितेय."

"बादल्या भरून वाहतायत आणि बाईसाहेब लिहितायत!" असे म्हणून त्याने मला बाजूला सारले, चुलाणाचे दार उघडले आणि निखारे पुढे ओढले. सुक्या फळ्या कुठे असतात हे त्याला विचारावे लागले नाही. काहिलीला उकळी फुटली. तेव्हा मी हे कागद त्याच्या हातात दिले.

त्याने उभ्याउभ्या वाचले. ओठ हलवत वाचतो, लहानपणापासून.

"अकरा वर्षं?"

"हो."

"म्हणजे मी तुझ्या दारासमोरचा बर्फ काढायचो आणि तू खिडकीतून हात करायचीस, तेव्हा तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"जेनीन सहा वर्षांपूर्वी गेली." त्याने चष्मा काढला. "शेवटच्या आजारात तिने मला विचारलं होतं. म्हणाली, आता तरी खरं सांग, तू मिसळलं होतंस का? माझी बायको, थेडा. मी नाही म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं की नाही ते मला आजही माहीत नाही. तेव्हाही तुला माहीत होतं."

मी रडले. लपवले नाही, आणि त्यानेही समजूत काढली नाही. त्याने काहिलीतला पाक पळीवर घेऊन पाहिला आणि पळी परत ठेवली.

"आणि हे डेल्बर्ट वाचणार? तू मेल्यावर? मग मी रागवायचं कोणावर, डेल्बर्टवर?"

"माझ्याच्याने सांगवत नाही रे."

"त्या दिवशी बरं सांगवलं! उभी राहून, खणखणीत आवाजात. परवा शनिवारी जेवण आहे. परत उभी राहा. जेनीनचं नाव घेऊन सांग, की तिच्या नवऱ्याने मिसळलं नव्हतं. सोमवारी तुझं काय व्हायचं ते होवो, शनिवारी तू जिवंत आहेस."

"मग मला माफ करशील?"

"शनिवार तर होऊ दे," तो म्हणाला.

म्हणून कलम सहावे मी स्वतःच्या हाताने रद्द करते. डेल्बर्ट पाइक यांनी काही वाचू नये. मी स्वतः शनिवार दिनांक २२ मार्च रोजी सांगेन. जेनीनचे नाव घेऊन सांगेन. बाकी कलमे कायम.

पाचवे कलम मात्र माझ्या एकटीच्या सहीने पुरे होत नाही, घेणाऱ्याने घ्यायलाही हवे. मी मर्लला थेट विचारले, "जंगल घेशील का?" तो काहिलीवरचा फेस काढू लागला. दोन साक्षीदारांपैकी एक तरी आत्ताच व्हावा म्हणून मी लेखणी त्याच्यापुढे धरली. पुढे जे झाले ते जसेच्या तसे नोंदवते:

मर्ल कॉर्लिस यास साक्षीदार म्हणून सही करण्यास सांगितले असता त्याने नकार दिला. कारण विचारले असता, "जो सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, एवढा कायदा मलाही कळतो. दुसरा कोणीतरी बघ," असे सांगून तो लाकडे आणायला बाहेर गेला.

लिहून देणार: थेडा रुथ कॉर्लिस (सही)

आम्ही दोघांनी थेडा कॉर्लिस यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. आम्हांस या लेखातून काहीही मिळावयाचे नाही.

साक्षीदार १: डेल्बर्ट पाइक, पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार २: नोर्मा पाइक (सही)

स्थळ: कॉर्लिस गुऱ्हाळ, वेस्ट हार्लो, व्हर्मॉन्ट
दिनांक: २० मार्च २०२५, सायंकाळी पाच वाजता, काहील उकळत असताना