पिल्लाचं फक्त काज-बटण राहिलं आहे

ती. आत्या,

इथूनच वाकून नमस्कार करतो. तू तिथे पाय जवळ घेतलेस असं समजून पुढे लिहितो. नवी कवळी बसली का, की अजून बोलताना पुढे येते? डोळ्यांत थेंब घालायचे विसरू नकोस आणि घातल्यावर लगेच स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

मागच्या पत्रात तू एकच प्रश्न विचारला होतास आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्यास. तो चालतो का? (त्याच्या आधीच्या पत्रात एकच रेघ होती, हेही माझ्या लक्षात आलं.) तर आत्या, बाबा चालतात. रोज संध्याकाळी बूट घालून बसस्टँडपर्यंत जातात आणि परत येतात. डॉक्टरांनी सांगितलं त्यापेक्षा हे थोडं जास्तच होतं. इथे मला पत्र संपवता आलं असतं. पण ते का चालतात, हे लपवणं आता मला एकट्याला जमेनासं झालं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण हळू बोललं तर तुला ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं तर बाबांना ऐकू येतं.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. सगळी नोकरी लिफ्टमध्ये स्टुलावर बसून झाली. लोकांना वर नेलं, खाली आणलं, स्वतः कुठे गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांचे पाय चालायचे ते आमच्या कुत्र्यामुळे. त्याचं नाव मॅनेजर, कारण तो कुणाला न विचारता पुढे चालायचा आणि बाबा मागून जायचे. मॅनेजर गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून बाबा खुर्चीत बसले. आधी खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं, मग त्यांनी ती भिंतीकडे वळवली. पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, असेच बसून राहिले तर पायात रक्ताची गुठळी होईल आणि मग माझ्याकडे आणण्यात अर्थ नाही. (डॉक्टर चांगले आहेत, त्यांचं बोलणं तसं आहे.) मी नवे बूट आणले, शेजाऱ्यांकडून सांगून पाहिलं, मी स्वतः बरोबर येतो म्हणालो. त्यावर बाबा म्हणाले, "तुझ्याबरोबर कसला चालतोय? तू रस्ता ओलांडायचा म्हटला तर तिकडची माणसं घरी जाऊन जेवून परत येतात." हे खोटं नाही. मी दोन्हीकडे बघतो आणि मग पहिल्याकडे पुन्हा बघतो, कारण मधल्या वेळात तिकडे काय झालं ते आपल्याला माहीत नसतं.

म्हणून पिल्लू आणायचं ठरवलं. फोनवर जाहिरात दिसली. तपकिरी पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला, कपडे धुवायच्या टोपलीत बसलेलं. विकणाऱ्याने लिहिलं होतं की त्याला परदेशी जायचं आहे, पिल्लाची किंमत नको, घर मात्र चांगलं हवं. मग त्याने मला प्रश्न विचारले. घरात भांडणं होतात का, पिल्लाला दिवसभर एकटं ठेवाल का, ते आजारी पडलं तर टाकून तर देणार नाही? नववीत शाळा सोडल्यापासून मला कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते. मी उत्तरं आधी कच्ची लिहून काढली, ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि मग पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की पुष्कळ घरांतून आमच्या घराची निवड झाली आहे. आत्या, निवड होण्याची मला सवय नाही. त्याने पाठवणीच्या खर्चाचा अ‍ॅडव्हान्स मागितला तेव्हा कमी तर मागत नाही ना, अशीच मला काळजी वाटली.

तरीही मी मास्तरांना विचारलं. (टेलर मास्तर, ज्यांच्याकडे मी काजं-बटणं करतो आणि गिऱ्हाइकांना तोंड देतो ते.) मास्तरांनी फोन लांब धरून पिल्लू बघितलं आणि म्हणाले, "याला थंडी वाजत असणार. कोट शिवू. माप मागव." मी छाती, लांबी आणि गळा मागवला. माप लगेच आलं, पण गळा छातीपेक्षा मोठा होता. मी ते मास्तरांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "तुला काय करायचंय? गिऱ्हाईक सांगेल ते माप. त्या वकिलाची कंबर विसरलास का?" तेव्हा गळ्याला चुण्या घालून कोट शिवला. तो दुकानात टांगलेला असताना एका बाईंनी किटलीवर घालायला मागितला होता. मी दिला नाही.

पुढे जे झालं ते तुला कळायचं तर आमच्या धंद्याची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे कपडा कधीच वेळेवर तयार नसतो. गिऱ्हाईक आलं की मी सांगतो, "झालाय, फक्त काज-बटण राहिलंय." तेव्हा बहुतेक वेळा कापड कापलेलंही नसतं. पण कपडा मिळतो, आत्या. उशिरा मिळतो, पण बुडत नाही. उलट जो शिंपी सांगितल्या दिवशी कपडा हातात ठेवतो त्याची शिवण आम्ही उलटी करून बघतो. त्यामुळे विकणाऱ्याने कळवलं की पिल्लू तयार आहे, फक्त लस राहिली आहे, तेव्हा मला हायसं वाटलं. माणूस आपल्यातलाच निघाला. मग हवेशीर खोका राहिला, मग विमा राहिला, मग खोक्याचा विमा वेगळा असतो असं कळलं. दर वेळी मी पैसे भरले आणि दर वेळी मास्तर म्हणाले, "इतकी कारणं देतोय म्हणजे काम चालू आहे. फसवणारा कशाला कारणं देत बसेल? तो गप बसेल." स्वतःचं शिलाई मशीन घ्यायला ठेवलेले पैसे असे संपले.

उलगडा इस्त्रीवाल्या मावशींनी केला. त्या दुकानासमोर बसतात. एकदा मी फोनवर पिल्लू बघत असताना त्या वाकून म्हणाल्या, "अगो बाई, हे अजून निघालंच नाही का?" हेच पिल्लू, हीच टोपली, हाच एक कान पडलेला. त्यांच्या दिराकडे ते गेल्या वर्षापासून येतंय. "दीर वाट बघून बघून दुसऱ्या गावाला राहायला गेले," म्हणाल्या, "पिल्लाला नवा पत्ता कळवला, तर त्याचे वेगळे पैसे पडले." मी पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी फोटो बघितला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अरे, आला रे टोपलीवाला!" मग मला नीट बसवून पाणी दिलं आणि समजावलं की हे पिल्लू फोटोत आहे तेवढंच आहे, एव्हाना त्याचा म्हातारा कुत्रा झाला असेल. तक्रार लिहून घेतली. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "बघू." आमच्या धंद्यातही हाच शब्द वापरतात, त्यामुळे मी जास्त विचारलं नाही.

आता बाबांकडे येतो. पिल्लू संध्याकाळच्या बसने, पार्सल ऑफिसात येणार असं मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो. ते ऐकून बाबा खुर्चीतून उठले. दाढी केली, नवे बूट काढले (आतला कागद तसाच होता) आणि स्टँडवर गेले. पिल्लू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, मग रोजच जायला लागले. चौकीतून मी घरी आलो तो सगळं खरं सांगायच्या तयारीनेच आलो होतो, वाक्यं जुळवलेली होती. बाबा दारात बसून बूट सोडत होते. त्यांच्या घोट्यांची हाडं दिसत होती, आत्या. कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. ते म्हणाले, "आजही नाही आलं. काय म्हणतो तुझा माणूस?" आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "झालंय, फक्त एक इंजेक्शन राहिलंय."

त्या दिवसापासून मी विकणारा झालो. बाबांना माझ्यावर विसंबायचं नव्हतं, म्हणाले मीच बोलतो त्याच्याशी, नंबर दे. तेव्हा दुसरं सिमकार्ड घेतलं. बाबांना टाइप करता येत नाही, ते बटण दाबून बोललेलं पाठवतात. मी आवाज ओळखू येईल म्हणून लिहून उत्तर देतो. संध्याकाळी ते मलाच वाचून दाखवतात. परवा म्हणाले, "बघ कसं लिहिलंय. काना-मात्रेची चूक नाही. शिकलेला माणूस आहे. तू जरा असा शिकला असतास तर!" मी हो म्हणालो.

हे काम सोपं नाही. मूळ विकणाऱ्याबद्दल माझं मत वाईटच आहे, पण इतक्या घरांना वेगवेगळी कारणं पुरवायची, कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, यात मेहनत आहे हे मान्य करावं लागेल. बाबा तर त्याच्याशी (म्हणजे माझ्याशी) भरपूर बोलतात. मॅनेजरला कानामागे खाजवलेलं आवडायचं हे सांगितलं. लिफ्ट बंद पडली की आतली मोठमोठी माणसं कशी एकमेकांचे हात धरायची ते सांगितलं. मला हे काही माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात म्हणाले, "भाऊ, जरा घाई करा. माझं काही नाही, मी थांबेन. पण घरात पोरगा आहे. मी बसलेला असलो की दाराआड उभा राहून माझे पाय बघतो. त्याला वाटतं मला कळत नाही. पिल्लू आलं म्हणजे त्याला जरा दुसरीकडे बघता येईल." (हे मी पुन्हा लावून ऐकलं. दुकानात मशीन चालू होतं, नीट ऐकू आलं नव्हतं.)

उत्तरादाखल काहीतरी ठोस कारण हवं होतं आणि माझ्याकडची सगळी संपली होती. मास्तरांनी सुचवलं की कारागीर गावाला गेला म्हणून कळव, पण ते पिल्लाला लागू पडत नाही. शेवटी मी मूळ विकणाऱ्यालाच लिहिलं की अशा वेळी तुम्ही काय सांगता? त्याने ताबडतोब उत्तर दिलं: पिल्लाला गाडी लागते, उलट्या होतात, औषधाचे वेगळे भरा. मी कारण घेतलं, पैसे भरले नाहीत. एवढ्या व्यवहारात त्याच्याकडून मला मिळालेली ही एकमेव वस्तू आणि तीच अंगाशी आली. बाबांनी लगेच उलट निरोप पाठवला. "अहो, उलट्या होतात त्या जिवाला खोक्यात घालून एकटं कसलं पाठवता? मी स्वतः येतो, मांडीवर घेऊन आणतो. पत्ता द्या."

तर आत्या, अशी सगळी खुशाली आहे. तब्येतीला जप.

तुझा भाचा,
बारका

ता. क. पत्ता द्यावा लागला. घाबरल्यावर मला काहीही सुचत नाही आणि पिनकोडसकट बिनचूक असा एकच पत्ता मला पाठ आहे, तो तुझा. भानावर येऊन घर क्रमांक तेवढा शेजारचा टाकला. (ते घर बंद असतं, असं तू लिहिलं होतंस.) बाबा येत्या रविवारी सकाळच्या बसने निघताहेत. हे पत्र शनिवारी तुला मिळेल, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. तुझ्याकडचा चढ चालतच चढणार म्हणून त्यांनी आत्तापासून सांगून ठेवलं आहे, तेव्हा वाटेत बसायला कुणाच्या तरी ओट्यावर सांगून ठेव.

ता. क. २. तुमच्या गल्लीत एखादी कुत्री व्यालेली असेलच. एक पिल्लू हवं आहे. तपकिरी असलं तर उत्तम, नसलं तर वाढताना रंग बदलला असं विकणारा आजच कळवून ठेवेल. कानांचं मी त्यांना अजून काही बोललेलो नाही. उलट्या होणारं नसलं तरी चालेल.

ता. क. ३. पत्ता वाचून बाबा फार खूश झाले आहेत. म्हणाले, "हा तर आपल्या आक्काच्या शेजारचा माणूस! मग आधी तिच्याकडेच जातो. कोण आहे, कसा आहे, फसवणारा तर नाही ना, तिला सगळं माहीत असणार." म्हणजे चहा हातात घेतल्या घेतल्या ते तुला हेच विचारतील. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही. एवढंच सांग की त्या माणसाला तू लहानपणापासून ओळखतेस, सध्या तो घरी नाही आणि तसा तो बरा आहे.