तारेतली वीज

अण्णा, इंटरनेटच्या तारेतून वीजही न्यायची हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. तुमच्यासारख्या वायरमनला ते पटणार तरी कसं? सगळी हयात तुम्ही एकच गोष्ट सांगत आलात, की विजेची तार वेगळ्या पाइपात आणि टेलिफोनची वेगळ्या पाइपात, आणि दोन्हींत वीतभर अंतर. मी दहावीची परीक्षा देऊन रिकामी बसले होते त्या उन्हाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचं काम चालू होतं आणि मी तुमच्यामागे हट्टानं आले होते. तुम्ही जेवायला बसलात तेवढ्यात मी मोठी हुशारी करून टेलिफोनची तार दिव्याच्या पाइपातून ओढून घेतली. तुम्ही डबा अर्धा टाकून उठलात. ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, "काढ ती. सगळी काढ, आन् पुन्ना नव्या पायपातून घाल. बोलायची तार आन् मारायची तार एकत्र जात नाय." ती तार काढून पुन्हा घालायला मला संध्याकाळचे सहा वाजले आणि तुम्ही तोवर स्टुलावर बसून राहिलात, एकदाही हात लावला नाहीत. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण काम मला त्याच दिवशी आवडायला लागलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमची आणखी एक सवय होती. कुठल्याही घरात गेलात की मेन स्विचमधला चिनी मातीचा फ्यूज उपसून काढायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा, मगच तारेला हात लावायचा. कुणी कितीही सांगितलं की वीज बंद केली आहे, तुम्ही विश्वास ठेवायचा नाहीत. खिशात फ्यूज असेपर्यंत त्या घरात कुणी आपल्याला झटका देऊ शकत नाही, असा तुमचा हिशेब. एकदा तो फ्यूज तुम्ही घरीच घेऊन आलात आणि त्या माणसांना निम्मा दिवस पंख्याशिवाय काढावा लागला. आईनं तुम्हाला त्यावरून वर्षभर छळलं, आणि तुम्हीही हसून घ्यायचात.

नंतर मी कॉम्प्युटरच्या जोडण्यांचा व्यवसाय सुरू केला आणि तुम्ही घरात बसून कंटाळलात, तेव्हा तुम्हाला माझ्याबरोबर कामावर नेऊ लागले. लोकांना वाटायचं मुलगी बापाला सांभाळते. खरी गोष्ट अशी की सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तार इतकी सरळ आणि देखणी टाकणारा दुसरा माणूस मला मिळाला नसता. इंटरनेटच्या त्या पातळ तारेत आठ तारा असतात, रंगीत, दोन-दोन पिळलेल्या. कॉम्प्युटरला तेव्हा त्यातल्या चारच लागायच्या. म्हणून नाशकात आम्ही सगळेच एक उद्योग करायचो: नारिंगी आणि हिरव्या जोडीवर एक कॉम्प्युटर, निळ्या आणि तपकिरी जोडीवर दुसरा. एका तारेत दोन बसवले की पुन्हा भिंत फोडायला नको. पुस्तकात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चालायचं. तुम्हाला ते आवडलं नव्हतं, तरी मी सांगितलं म्हणून तुम्ही करायचात, आणि माझ्यापेक्षा नीट करायचात.

मग ती पांढरी डबी आली. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. छताजवळ कॅमेरा लावायचा तर तिथं प्लग कुठून आणायचा, म्हणून ही डबी रिकाम्या चार तारांतून वीज सोडायची, आणि उरलेल्या चारांतून चित्र यायचं. मी ती घरी आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर लावून दाखवली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला तसे तुम्ही चष्मा लावून जवळ आलात, एका तारेचं टोक सोललंत आणि टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला नाही. "वीज नाय हितं," तुम्ही म्हणालात. मी हसले आणि म्हणाले, अण्णा, अठ्ठेचाळीस व्होल्ट आहेत, तुमच्या टेस्टरला दिसायचे नाहीत. तुम्ही बोटांची मागची बाजू लावून पाहिली, काहीच जाणवलं नाही. मग टेस्टर पुसून खिशात ठेवलात आणि विचारलंत, "मंग बंद केली का नाय, हे कळायचं कशानं?" मी म्हणाले, मीटर लावायचा. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "झालं, आता हिच्याकडून शिका." तुम्ही खरंच शिकायला बसलात. माझ्याकडून कागदावर रंग लिहून घेतलेत, आणि तो कागद आठवडाभर घडी घालून घेऊन फिरलात.

आता ज्यासाठी लिहायला बसले आहे ते सांगते. वणीच्या रस्त्यावरचं ते द्राक्षांचं पॅकहाउस तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही ते कसं विसराल. ऐन हंगाम होता. बाहेर माल न्यायला कंटेनर उभा, आत बायका घड निवडून पेट्या भरत होत्या, आणि वजनाच्या खोलीतला कॉम्प्युटर प्रत्येक पेटीची चिठ्ठी छापत होता. मालकाला त्या खोलीत एक कॅमेरा हवा होता. मी तुम्हाला डबी देऊन एकट्याला पाठवलं आणि स्वतः अंबडला एका साहेबांसमोर नवं काम मिळवायला बसले. तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "अगं, वजनाच्या खोलीत जी जुनी तार जाते ना, तिच्या निळ्या-तपकिरीवर तो चिठ्ठ्यांचा काम्प्युटर चालू हाय. बाकीची निम्मी मोकळी हाय. तीच घेऊ का क्यामेऱ्याला, का नवी ओढू?" मी समोरच्या साहेबांकडे बघून हसत होते. म्हणाले, "तीच घ्या अण्णा, नवी कशाला?" तुम्ही म्हणालात, "निळ्या-तपकिरीवर चालू हाय म्हणतो मी." मी म्हणाले, "हो हो, कळलं," आणि फोन ठेवला.

मला काहीही कळलं नव्हतं. डबी वीज सोडते ती निळ्या-तपकिरीवरच, त्या रिकाम्या असोत वा नसोत. ओट्याशी बसून ते मीच तुम्हाला लिहून दिलं होतं, म्हणून तर तुम्ही दोनदा विचारलंत. तुम्हाला शंका आली होती. पण मुलगी शिकलेली, तिनं सांगितलं म्हणजे त्यात काही असेल, असं धरून तुम्ही जोडणी केलीत. त्या विजेनं चिठ्ठ्यांचा कॉम्प्युटर जागच्या जागी जळाला. मी धावत पोहोचले तेव्हा पेट्यांची थप्पी दारापर्यंत आली होती, बायका हात थांबवून उभ्या होत्या आणि मॅनेजर लालबुंद झाला होता. "मॅडम, लय घोळ झालाय. माल गरम व्हायला लागला. कुनी केलं ह्ये?" तुम्ही त्याच्या शेजारी उभे होतात, हातात पक्कड होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला आत्ताही ती नजर दिसते, तिच्यात तक्रार नव्हती. मी काय बोलते याची वाट पाहत होतात, एवढंच.

मी म्हणाले, "वडील आहेत माझे. जुन्या पद्धतीचे वायरमन, त्यांना ह्यातलं कळत नाही. एकट्याला पाठवलं ही माझीच चूक."

किती सफाईनं बोलले मी. चूक माझी म्हटली आणि ढकलली तुमच्यावर. सगळ्या बायका तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही मान हलवलीत आणि मॅनेजरला म्हणालात, "चुकलं माझं, साहेब." मग मी माझा कॉम्प्युटर काढून तिथं लावला, तुम्ही नवी तार ओढलीत आणि तासाभरात चिठ्ठ्या सुरू झाल्या. परतताना गाडीत मी वाट पाहत होते की तुम्ही म्हणाल, मी विचारलं होतं ना तुला. तुम्ही म्हणाला असतात तर मी भांडले असते, आणि भांडताना कधीतरी कबूलही केलं असतं. नाशिक आल्यावर तुम्ही फक्त म्हणालात, "उद्यापासून मी येत नाय. डोळं साथ देत नाय आता." तुमचे डोळे चांगले होते. त्याच दिवशी नवी तार जोडताना माझ्यासमोर तुम्ही चष्म्याशिवाय तारांचे रंग ओळखले होते.

त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. घरातला गेलेला बल्बसुद्धा तुम्ही माझी वाट बघत तसाच ठेवायचात. "तू बघ गं, मला त्यातलं काय कळतंय," असं म्हणायचात, आणि त्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर बरं झालं असतं. माझी शंभरदा इच्छा झाली. जेवायला बसलो की वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, विसरले असतील, आता कशाला उकरून काढायचं. दवाखान्यात तुमचा हात धरून बसले होते तेव्हाही मी तुम्हाला नव्या कामांच्या गोष्टी सांगितल्या. मला माफ करा म्हणण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं, अण्णा, आणि तुम्ही ते मागणाऱ्यातले नव्हतात.

आता माझ्याकडे पोरीपोरं शिकायला येतात. दर तुकडीला मी ही गोष्ट सांगते, कारण ती लगेच लक्षात राहते: एक जुना वायरमन होता, त्यानं चालू कॉम्प्युटरच्या तारेत वीज सोडली. पोरं हसतात. तो वायरमन कोण, हे मी सांगत नाही. परवा हरसूलकडची एक मुलगी, फारशी बोलणारी नव्हे, ती हसली नाही. तिनं विचारलं, "पण मॅडम, त्यांनी आधी कोणाला विचारलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "नाही."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही, आणि आज रविवारची दुपार, म्हणून हे लिहायला बसले. आईला अजून वाटतं की शेवटी शेवटी तुम्हाला कामातलं समजेनासं झालं होतं. शेजारणीला सांगते तेव्हा तुमची बाजू घेऊन सांगते, वय झालं होतं हो त्यांचं. तुम्हाला आता कागद पोहोचायचा नाही, पण आई इथंच आहे, चार पावलांवर तांदूळ निवडत बसली आहे, आणि तिला अजून चांगलं ऐकू येतं. आत्ताच तिनं विचारलं, "एवढं काय लिहितेस गं मघापासून?"

मी म्हणाले, "कामाचं आहे."