मैदान वाचवताना सापडलेला वारस

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे आठातली दोन-तीन अंगं कमी पडली आहेत, सांभाळून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की तोही त्यांच्यासारखाच सोफ्यावर ठाण मांडून बसलाय? आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे बायको हल्ली माझ्याशी अतिशय गोड वागते आहे, त्यामुळे मी जरा घाबरलेला आहे.

आमच्या घरामागचं मैदान तुला आठवत असेल. चार मोठी झाडं, एक मोडका बाक आणि बाकी सगळं गवत, ज्यावर मुलं पडतात आणि म्हातारे पडायचं टाळतात. पुढे कुणीही सत्तेवर आलं तरी तिथे एक वीटसुद्धा रचता येऊ नये, असं कायद्यानेच बांधून घ्यायचं म्हणून आम्ही समिती काढली. अध्यक्ष मी. (बाकीचे चहाला उठले होते तेवढ्यात निवड झाली.) मला भाषण करता येतं हे या वयात कळलं आणि मग मला आवरणं लोकांना जड गेलं. त्यात बातमी आली, की जागेची मूळ मालकीण कुणी एक जुनी बाई, तिने जागा गावाला नुसती तोंडी दिलेली, आणि एक कंत्राटदार तिच्या वारसांना गाठून तिथे इमारत उठवायच्या बेतात आहे. झालं! मी वारसांवर घसरलो. आयतखाऊ, लोभी, ज्यांना स्वतःच्या आजीचं नावही धड सांगता येणार नाही असली माणसं, असं मी भर सभेत ओरडलो. टाळ्या पडल्या.

आमच्या वकीलबाई कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "शिव्या पुरे झाल्या, आधी वारस शोधा." म्हणून त्या मूळ मालकिणीच्या नावाने नोटीस छापली आणि मी स्वतः खळ आणि ब्रश घेऊन ती दारोदार चिकटवली. आमच्याही दारावर. जाता-येता मी ती वाचायचो आणि हिची नातवंडं कुठे तोंड लपवून बसलीत म्हणून दातओठ खायचो.

एका सकाळी बायको साखरेचा डबा घेऊन दाराशी गेली, झाकण नोटिशीशेजारी धरून उभी राहिली आणि मला हाक मारली. (डबा तोच गं, माईला तिच्या वडिलांनी दिलेला, झाकणावर नाव कोरलेला पितळी.) नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, सगळं तंतोतंत. ताई, आपली माई, आपली आजी! आपण तिला माई म्हणायचो, तुझी आई आणि माझी आई माई म्हणायच्या, दूधवालासुद्धा माई म्हणायचा. तिला एखादं नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिचं माहेर याच गावातलं एवढं ठाऊक होतं, पण देऊन टाकलेल्या वस्तूबद्दल ती कधी बोललीच नाही. मला फार वाईट वाटलं. मग थोड्याच वेळाने आणखीही काहीतरी वाटलं.

तुझी आई आणि माझी आई दोघी गेल्यावर वारस उरलो तू आणि मी. ज्याला मी सभेत गिधाड म्हटलं होतं तो कंत्राटदार दुसऱ्या दिवशी फळांची करंडी घेऊन हजर. मला साहेब म्हणाला. नव्या इमारतीत दोघांनाही ऐसपैस घर देतो म्हणाला. बायकोने त्याला चांगली खुर्ची दिली. (मोडकी मला.) संध्याकाळी मी सहज मैदानात गेलो आणि पाहतो तर मी पावलांनी खोल्या आखतोय. तेवढ्यात एक आजीबाई आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यामुळे वाचलं हो आमचं मैदान." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मी नेमका आमच्या स्वयंपाकघरात उभा होतो.

असो. वकीलबाईंनी सांगितलंय, आपण दोघांनी हक्क सोडल्याची सही केली, की जागेवर कायमचं बंधन नोंदवलं जाईल आणि ते पुढे कुणालाच काढता येणार नाही. एकाने जरी नाही म्हटलं, तरी सगळं अडलं. मी तर मागचापुढचा विचार न करता सही करून मोकळा झालो. माईने दिलेलं आपण परत मागायचं नाही, एवढं साधं आहे ते. माझं मन अगदी ठाम आहे.

भाऊजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला रामराम.

तुझा,
धाकटा

ता. क. : सहीचा कागद आणि वकीलबाईंचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे. उत्तर आमच्या घरी पाठवू नकोस, टपाल बायको उघडते.

ता. क. २ : वर सही केली असं लिहिलंय. केलेली नाही. पेनाचं टोपण काढलं होतं. पुन्हा लावलं.

ता. क. ३ : तेव्हा तू आधी कर. तुझी सही तिथे पोचली, की मला लाजेखातर तरी करावीच लागेल. आणि काही झालं तरी मला फोन करू नकोस. तू नुसतं "अरे, पण घर मिळत होतं ना" एवढं म्हणालीस, तरी मला लगेच पटेल.