पहिला फोटो कोरा होता

नगर,
ता. १७ मे १९७३

ती. सहादेवदादा,

कानिफनाथचा नमस्कार. आईच्या पायांवर डोकं ठेवतो. इकडे सगळे बरे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. आईच्या डोळ्यांचं औषध बन्सी कंडक्टरकडे दिलं आहे, उतरवून घे.

तुझ्या खुब्याचा एक्स-रे सोमवारीच निघाला. तीन दिवस लिहायला बसतो आणि उठतो.

गेल्या भाद्रपदात जांघ दुखते म्हणून तू दवाखान्यात आलास, तेव्हाही फोटो मीच काढला होता. हाड स्वच्छ दिसलं. मी वहिनीसमोर म्हणालो, "काही झालेलं नाही. चालता-फिरता राहा." त्यावर वहिनी म्हणाली, "फोटूत काय न्हाई म्हंत्यात, मग उठा की. समदा गाव कामावर हाय." तू उठलास. आठ महिने दुष्काळी कामावर दगड वाहिलेस. लंगडायला लागलास तर लोक म्हणाले, सोंग आहे. आईही म्हणाली. मी मनात म्हणालो.

या वेळी पाय सरळ ठेवून एक आणि गुडघा बाहेर पाडून एक, असे दोन फोटो काढले. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी उजेडावर लावला. उजव्या खुब्याचा गोळा वरून चपटा झालाय. कडेच्या खाली नखाच्या कोरीएवढी काळी रेघ आहे. तिथलं हाड मेलंय, दादा. रक्तच पोचलं नाही. डाव्या गोळ्यातही डाग दिसायला लागलेत.

पहिल्या वेळी का दिसलं नाही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हाड मेलं तरी फोटोत कित्येक महिने कळत नाही. त्यात तुझी चूक नाही."

मग त्यांनी विचारलं, "दम्याच्या गोळ्या अजून घेतो का हा?" गेल्या वर्षी तू बाहेर बाकावर बसला होतास, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

त्या पांढऱ्या गोळ्या त्यांनी तुला दहा दिवसांसाठी दिल्या होत्या. तुझी धाप थांबली, म्हणून मी कुणाला न विचारता दवाखान्यातून दोन वर्षं पाठवत राहिलो. त्या फार दिवस घेतल्या की हाड असं मरतं. मला हे माहीत नव्हतं. पण नाही म्हणालो ते नोकरीच्या भीतीनं. तेव्हाच खरं बोललो असतो, तर त्यांनी तुला दगड उचलू दिला नसता.

काल त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गोळ्या एकदम सोडू देऊ नकोस, जिवावर बेतेल. त्याला घेऊन ये, हळूहळू कमी करू." पाय बरा होईल का विचारलं, तर म्हणाले, "चपटा झालेला गोळा परत गोल होत नाही." मुंबईत लोखंडी सांधा बसवतात म्हणे, पण तुझ्या वयाच्या, कष्टाच्या माणसाला तो पुरत नाही. मला त्यांनी पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते बरोबरच आहे.

हे पत्र आईला आणि वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव. तू सोंग करत नव्हतास, हे त्यांना माझ्या शब्दांत ऐकू दे.

रविवारी कुबड्या घेऊन येतो. घरात घ्यायचं की दारातूनच परतवायचं, ते तू ठरव. तोवर उजवा पाय टेकू नकोस.

ज्याच्या सांगण्यावरून तू चालत राहिलास तो,
कानिफनाथ