वाळूवरचा बास्केटबॉल

अलिबाग, ८ डिसेंबर १९६३, रविवार

घडले ते आधी क्रमाने लिहितो, मते नंतर. क्रम एकदा कागदावर उतरला की मनाला तो सोयीने फिरवता येत नाही.

पहिले. मुंबईच्या एका मोठ्या कचेरीचा बास्केटबॉल संघ सकाळच्या लाँचने रेवसला उतरून दुपारी येथे आला. या संघातील गडी कचेरीच्या पगारावर असतात. काम मुख्यतः खेळण्याचे. दुसरे. सामना आमच्या कॉलेजच्या मैदानावर, म्हणजे सुरूच्या बनालगतच्या वाळूवर झाला. तिसरे. आम्ही जिंकलो. चौथे. सामन्यानंतर त्यांच्या क्रीडा चिटणिसांनी आमच्या मोरेश्वर तांडेलला बाजूला घेतले आणि फेब्रुवारीपासून नोकरी देऊ केली. पाचवे. मोरेश्वर बी.ए.च्या शेवटच्या वर्षात आहे. परीक्षा एप्रिलमध्ये. सहावे. हे मला मोरेश्वरने नव्हे, चिटणिसांनी सांगितले. चहा संपवून, बशी खाली ठेवता ठेवता.

आता मत. विजय आमचा नव्हे, वाळूचा. तिच्यात खाडीची चिकणमाती घालून दोन हिवाळे रूळ फिरवला, तरी चेंडू गुडघ्यापर्यंतही उसळत नाही. मुंबईचे गडी चेंडू आपटत पुढे जाणारे. येथे आपटला की तो तेथेच बसे. त्यांचा कप्तान, तिशीचा उंच गृहस्थ, दोनदा वाकून चेंडूकडे पाहत राहिला आणि मग स्वतःच हसला. बाकीचे मात्र शेवटच्या लाँचची वेळ विचारीत होते. चेंडू हद्दीबाहेर गेला की "ज्याच्या हातून गेला त्याने आणावा" असा त्यांचा शिरस्ता दिसला. तो मी लक्षात ठेवला.

९ डिसेंबर

आज वर्गात अनुमानाचे प्रकार. मो. (यापुढे मोरेश्वरसाठी एवढेच अक्षर) शेवटच्या बाकावर. डोळे पुस्तकात, पान उलटत नव्हता.

विद्यार्थी असताना मी स्वतः मुंबईत सिमेंटच्या मैदानावर खेळलो. चेंडू बरा आपटीत असे. त्याचा गर्वही होता. येथे तर्कशास्त्र शिकवायला आलो, दोन खांब रोवले आणि पहिल्याच संध्याकाळी कळले की माझे कौशल्य या भूमीवर निरुपयोगी आहे. चेंडू आपटायचाच नाही. मग उरते काय? देणे. ज्याच्या हातात आहे त्याने मोकळा सोबती शोधायचा. ज्याच्या हातात नाही त्याने मोकळे व्हायचे. या पोरांना दुसरा खेळ ठाऊकच नाही. मी त्यांना शिकवला असे लोक म्हणतात. खरे म्हणजे अडचणीने शिकवला. मी चुका काढल्या.

पगारी खेळ पाहून आलेल्या मित्रांना माझे म्हणणे पटत नाही. "अहो, तिथली सफाई बघा!" सफाई मीही पाहिली. पण सफाईदार गडी एकेकटा सुंदर असतो. आमची पाच पोरे एकेकटी सामान्य आहेत. चेंडू त्यांच्यामधून फिरू लागला की सहावे काहीतरी उभे राहते. ते पाहायला मिळते यासाठी मी या गावाचा ऋणी आहे. हे कोणापाशी बोलत नाही, म्हणून येथे लिहितो.

संध्याकाळी सरावाच्या वेळी मासळी विकून परतणाऱ्या बाया थांबल्या. त्यांतली एक टोपली डोक्यावरून न उतरवता म्हणाली, "मास्तर, तुमच्या टोपलीला बूड कुठं हाय? म्हावरं कसं ऱ्हाईल त्यात?" दुसरी म्हणाली, "म्हून तर बिचारी पोरं परत परत टाकत्यात गं!" पोरे हसून लोळली. मीही हसलो, पाठ वळवून.

१५ डिसेंबर, रविवार

मो.चे वडील हिराजी तांडेल घरी आले. मासेमारीची होडी चालवतात. "तुमच्यात म्हावरं चालत नाय" म्हणून शहाळी आणली होती. सौ.ने चहा दिला. त्यांनी पायरीवर बसून घेतला. खुर्ची दाखवली तरी.

मी मुद्दा तयार ठेवला होता, आणि तो मला चांगला वाटत होता. म्हणालो, तुमच्या होडीवर कोणी पगारी नसतो. आलेल्या मासळीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसामाणसाचा वाटा. म्हणून सगळे एकाच वेळी जाळे ओढतात. माझ्या संघाचेही तसेच आहे. पगारावर गेला की मुलगा एकटा ओढायला शिकेल.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मास्तर, वाट्यात नुसतं म्हावरं नसतं. वादळ झालं तर त्याचा बी वाटा घरी येतो. पगारात वादळ नाय."

मी म्हणालो, परीक्षेला चारच महिने राहिलेत.

"चार महिन्यांनी ती कचेरी ऱ्हाईल का दारात हुबी?"

ते गेल्यावर सौ. म्हणाली, "दृष्टान्त तुमचा होता, पण होडी त्यांची." 

२२ डिसेंबर, रविवार. मुंबई

परतीचा सामना, त्यांच्या सिमेंटवर. आम्ही हरलो. कारणे:

पोरे वाळूवर अनवाणी खेळतात. मी दूरदृष्टीने कॅनव्हासचे बूट मागून आणले होते, पण ते घालून एकदाही सराव घेतला नाही. ही चूक सर्वस्वी माझी. पहिल्या काही मिनिटांतच पोरांच्या पायांत पाय अडकू लागले. सदू पवार तर बसकण मारून ओरडला, "सर, हे बूट खेळतायत, मी नाय!" मध्यांतराला सर्वांनी बूट काढून एका रांगेत भिंतीशी ठेवले. सिमेंट दुपारभर तापलेले. तळव्यांना फोड आले.

आणि मग, उत्तरार्धात, फोड आलेल्या पायांनी ते खेळले. चेंडू जमिनीला लागलाच नाही असे लिहिले तर अतिशयोक्ती होईल; पण फार थोडा लागला. समोरचे आपटत, आमचे देत. प्रेक्षकांत कोणीतरी म्हणाले, "ही पोरं चेंडू खाली का टाकत नाहीत? विटाळ होतो काय?" लोक हसले. थोड्या वेळाने तेच लोक गप्प झाले, आणि त्या गप्प होण्याचा अर्थ मला कळला.

शेवटी मो.च्या समोर कोणी नव्हते. उडी मारून टाकला असता तर बास्केट नक्की. पण त्याहून मोकळा सदू टोपलीखाली उभा. मो.ने चेंडू त्याला दिला. सदूने चुकवला.

चिटणीस माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "प्रोफेसर, हे इथे चालायचे नाही. पगार बास्केट करणाऱ्याला आहे. दोन महिन्यांत घालवू ही सवय."

मी नमस्कार करून उठलो. माझ्याकडून रागात अशुद्ध वाक्य जाऊ नये म्हणून.

२३ डिसेंबर

परतीच्या लाँचवर पोरे झोपली. पाय उघडे, हळद लावलेले. मी जागा होतो. पराभवानंतर एवढे समाधान वाटावे हे तर्काला धरून नाही, तरी वाटले. अशी पाच पोरे एका माणसाच्या वाट्याला एकदाच येत असावीत. मला ती नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी मिळाली.

काल निघताना तो उंच कप्तान धक्क्यापर्यंत सोडायला आला होता. लंगडत. सामन्यात उत्तरार्धभर तो बाकावर होता, गुडघ्याला पट्टा. मी सहज विचारले. म्हणाला, "डॉक्टर सांगतात विश्रांती घ्या. विश्रांती घेतली तर मार्चनंतर मला ठेवतील कशाला? आमची नेमणूक वर्षावर्षाची असते, सर. हंगाम संपला की पुन्हा अर्ज."

मी विचारले, हे मोरेश्वरला कोणी सांगितले आहे काय?

"विचारलंय कुणी?" म्हणाला. मग पुढे पोरांबरोबर लाँचशी पोहोचलेल्या मो.ला गाठून, त्याच्या पाठीवर थाप मारून मला म्हणाला, "काय हात आहेत याचे! सांभाळा."

भला माणूस. माझ्या निवाड्यांच्या घाईत या एकाला मी वेगळे काढले नव्हते, आता काढतो.

५ जानेवारी १९६४, रविवार

कप्तानाने सांगितले ते मो.ला जसेच्या तसे सांगितले. भर घातली नाही. तो खाली बघून ऐकत होता.

म्हणाला, "सर, रागावणार नसाल तर बोलतो."

"बोल."

"एप्रिलनंतर मला कोण खेळवणार? तुमचा खेळ चांगला, पण तो कॉलेज संपलं की संपतो. पुढच्या वर्षी तुम्हाला नवी पाच पोरं मिळतील. मला कोण मिळणार?"

मी त्याला तीन वर्षे मुद्दा मांडायला शिकवले. मुद्दा बिनचूक होता.

विद्यार्थ्यांचा खेळ मला थोर वाटतो तो त्याला पुढे काही मिळवायचे नसते म्हणून. पण पुढे काही नसणे माझ्यासाठी सौंदर्य आहे. त्याच्यासाठी ती भिंत आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. असे वर्गात कोणी लिहिले असते तर मी गुण कापले असते.

त्याला म्हणालो, जायचे की नाही हे तू आणि तुझे वडील ठरवा. पण जे विचारायला हवे ते विचारल्याशिवाय ठरवू नका.

"ते विचारायचं कोणी?"

"मी विचारतो."

पहिल्यांदा हसला. "मग त्यांना उत्तर द्यायला पंधरा दिवस लागतील, सर. तुमचं इंग्रजी समजायलाच आठ."

"मराठीत लिहीन," म्हणालो.

१२ जानेवारी, रविवार

पत्र तीनदा लिहिले. दुसऱ्या मसुद्यात उपहास शिरला होता, काढला. सकाळी मो. आणि हिराजी तांडेल दोघांना वाचून दाखवले. हिराजी म्हणाले, "लय सरळ लिवलंय. रागावतील का?" मी म्हणालो, सरळ प्रश्नाला रागावणारा मालक आधीच कळलेला बरा. त्यांनी मान हलवली आणि आज प्रथमच खुर्चीत बसले.

मो.ला विचारले, तुझे काही घालायचे आहे काय? त्याने एक वाक्य सांगितले. ते मी सुधारले नाही.

पत्राची नक्कल येथे उतरवून ठेवतो.

"क्रीडा चिटणीस यांस,

आपण श्री. मोरेश्वर हिराजी तांडेल यांस देऊ केलेल्या नोकरीसंबंधी, त्यांच्या व त्यांच्या वडिलांच्या संमतीने, पुढील गोष्टी विचारीत आहे.

एक. उमेदवाराची बी.ए.ची परीक्षा एप्रिलअखेर संपते. तोवर आपण ही जागा राखून ठेवाल काय?

दोन. नेमणूक कायम आहे की वर्षापुरती? वर्षापुरती असल्यास ती पुढे चालू ठेवण्याचा निर्णय कोण व कशावरून करतो?

तीन. खेळताना दुखापत होऊन उमेदवारास खेळणे अशक्य झाले, तर त्याला कचेरीत दुसरे काम मिळेल काय?

चार. हा प्रश्न उमेदवाराचा स्वतःचा आहे व त्याच्याच शब्दांत देत आहे: 'माझ्यापेक्षा मोकळा गडी दिसला आणि मी त्याला चेंडू दिला, तर चालेल का?'

आपल्या संघाने येथे येऊन व आम्हांस तेथे बोलावून आमच्या मुलांना जे पाहू दिले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आपल्या कप्तानांस माझा नमस्कार सांगावा व त्यांच्या गुडघ्यास विश्रांती द्यावी.

चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी, लेखी व सहीनिशी पाठवावीत. कोणाबरोबर धाडलेला तोंडी निरोप हे उत्तर समजले जाणार नाही."