दहापैकी दोन

बंगळूर, शनिवार संध्याकाळ, १९६८

"ती चिठ्ठी माझी आहे," नलिनी म्हणाली, आणि तिथेच माझं सगळं बदललं.

दर शनिवारी राजाजीनगरात रघूच्या खोलीवर आम्ही सहाजण रॉकची नवी रेकॉर्ड ऐकतो आणि नाव न घालता चिठ्ठीवर दहापैकी मार्क देतो. नलिनी रघूची मावसबहीण. आज मी दोन दिले. एका चिठ्ठीवर दहा निघाले, तसा मी ओरडलो, "कुठल्या बहिऱ्याने दिले हे?"

"कॉलेज सोडलेले प्रोफेसर, स्वल्प, जरा शांत व्हा!" रघू मला म्हणाला. सगळे हसले. मग ती बोलली.

"ही रेकॉर्ड रघूकडून आधीच घरी नेली होती. रात्री वडील झोपलेले असतात, म्हणून मी ती स्पीकरला कान लावून ऐकायचे. गाण्याआधी तो गाणारा श्वास घेतो. तुम्ही सारखे बोलत होतात, तुम्हाला कसा ऐकू येणार? मी पुन्हा नाही येणार इथे."

उठून गेलीच.

रघूकडून रेकॉर्ड मागून मी घरी आणली. आवाज बारीक केला, स्पीकरच्या जाळीला कान लावला. आहे. श्वास आहे! घाबरलेल्या माणसासारखा. पाच वेळा ऐकला. हा श्वास ती एकटीच ऐकत बसत होती? आणि मी मूर्ख, तिच्याच समोर... तिच्याकडे बघायला मिळावं म्हणून तर मी तिथे जातो.

उद्यापर्यंत थांबलो तर धीर जाईल. तिच्या वडिलांनी दार उघडलं तरी त्यांच्यादेखत सांगेन, चुकलो म्हणून. आतून अक्का विचारतेय, "जेवायच्या वेळेला कुठे रे?" दार ओढून घेतो आणि नलिनीच्या घराकडे निघतो.