आत्यासाठी मोकळे केस

आई,

ऑकलंडहून आलेल्या काकांना विमानतळावरून आणलंस की आधी दोघं जेवून घ्या. उकडलेले तारोचे कंद पातेल्यात झाकून ठेवलेत. मी आत्याच्या मयताला पुढे जातेय. सुतकाची मोठी फाटकी चटई मी कमरेला गुंडाळलीय, तुझी दाराआड आहे.

तू माझ्यासाठी पलंगावर काढून ठेवलेलं गंगावन तिथेच आहे. म्हणालीस, "हे लाव आणि हेच मोकळं सोड, कुणाला कळतंय!" आत्या गेली की भाचीने केस मोकळे सोडायचे, ही आपली टोंगाची रीत तूच शिकवलीस ना? मग दुकानातले केस सोडून रडू होय?

रक्तात लोह कमी आणि लहानपणापासून करकचून बांधलेला अंबाडा, यांनीच माझे कपाळावरचे, कानशिलांवरचे केस गेले, हे डॉक्टरीणबाईंनी तुझ्यादेखत सांगितलं. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस.

आठ महिने गोळ्या घेतल्या, केस सैल बांधले. आता उजव्या कानशिलावर बोटभर केस आलेत! डावीकडचे येणार नाहीत. नाही तर नाही. गेल्या रविवारी आत्याने चाचपून पाहिले आणि हसत म्हणाली, "अगं, ही तर पिल्लाची पिसं!" आज सगळ्या नुकुआलोफा शहराने बघावीत ती पिसं.

आणि आई, ते गंगावन तू स्वतःच चोरून लावतेस, हे मला कधीचं माहीत आहे. तूही तुझेच केस सोडून ये. आत्याच्या घरामागे रांधायच्या चुलीपाशी माझ्या शेजारी तुझी जागा धरून ठेवते.

तोआकासे